झिरो का टिकत नाही? एअर रायफलच्या स्कोपमधील क्लिकचा दोष शोधताना

रविवारी सकाळी तासभर खपून झिरो करावे, म्हणजे छरा स्कोपमधल्या फुलीवर (क्रॉसहेअरवर) नेमका लागेल असे जुळवावे, आणि पुढच्या रविवारी पहिल्या पाच छऱ्यांतच ते तीन सेंटिमीटर खाली गेलेले दिसावे, हा प्रकार माझ्या .१७७ इंची, बॅरल मोडून स्प्रिंग ताणायच्या ब्रेक-बॅरल एअर रायफलवर सलग चार महिने चालला. दर वेळी मी एलेव्हेशनचा टरेट, म्हणजे निशाण वर-खाली करणारी स्कोपवरची खाचांची चकती, आठ-दहा क्लिक (खाचा) वर फिरवत असे, दोन-तीन छऱ्यांपर्यंत काहीच फरक पडत नसे, आणि मग अचानक छरा अपेक्षेपेक्षा वर लागत असे. सांगली, मिरज आणि साताऱ्याकडील चार-पाच परिचितांनीही याच स्वरूपाची तक्रार सांगितली. सर्वांचा निष्कर्ष एकच होता, तो म्हणजे स्कोप खराब आहे आणि नवीन घ्यावा लागेल. मीही एक स्कोप याच समजुतीने बदलला होता, आणि नव्या स्कोपवर तोच दोष तिसऱ्या आठवड्यात परत आल्यावर मग मात्र विचार करणे भाग पडले.

पुढील विवेचन केवळ लक्ष्यफलकावरील नेमबाजीपुरते आहे. तासगाव भागातील काही द्राक्ष बागायतदार पाखरांसाठी स्कोप लावून देण्याची विनंती करतात. त्यांना मी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण करून देतो आणि बागेवर जाळी अंथरण्यास सुचवतो.

आपल्या भागात या विषयाचा जाणकार सहज सापडत नाही, याला एक कारण आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यामुळे रायफल नेमबाजी हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. परंतु त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, तेथे छिद्राची पीप साइट असते. माझे मामा निवृत्त सुभेदार आहेत आणि त्यांची सारी नोकरी लोखंडी साइटवर गेली. स्कोपचा विषय काढला की ते म्हणतात, "एवढी काच पुसण्यापेक्षा श्वास रोखायला शिक." सल्ला चुकीचा नाही, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

माझी मूळ चूक अशी की, मी स्कोपची परीक्षा छऱ्यांनी घेत होतो. छरा कोठे लागतो यात स्कोप, माउंट (स्कोपची नळी रिंगांत आवळून रायफलीवर धरणारी बैठक), बॅरल, छऱ्याचे डोके, रायफल धरण्याची पद्धत आणि वारा एवढे सगळे घटक मिसळलेले असतात, आणि स्प्रिंग-पिस्टनच्या रायफलीत धरण्याची पद्धत एकटीच सेंटिमीटरभर फरक पाडू शकते. त्यात तीन छऱ्यांवरून निर्णय घेण्याची सवय. माझ्या रायफलीचा २५ मीटरवरील दहा छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, साधारण २५ मिलिमीटरचा येतो. अशा रायफलीच्या तीन छऱ्यांच्या ग्रुपचा मध्य कोणताही दोष नसताना उभ्या दिशेत सहज चार मिलिमीटर इकडे-तिकडे होतो, म्हणजे पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) टरेटवर दोन क्लिक. म्हणजे तीन छरे पाहून दोन क्लिक फिरवणारा माणूस स्कोप सुधारत नसून योगायोगाच्या मागे धावत असतो. म्हणून पहिली पायरी अशी की, छरा या परीक्षेतून पूर्णपणे बाहेर काढावा.

चुलतभावाची बेदाणा शेड वर्षातले बरेच महिने रिकामी असते. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम सरला की जाळ्यांच्या रॅकमधून जाताना फक्त बेदाण्याचा गोडसर वास तेवढा उरतो. शेडच्या एका लोखंडी खांबाजवळ जड टेबलावर वाईस बसवली, कुपवाड एमआयडीसीतील ओळखीच्या लेथवाल्याकडून रायफलीवर असते तशाच ११ मिलिमीटर डवटेलचा, म्हणजे माउंट ज्यावर बसतो त्या पट्टीचा, वीतभर तुकडा करून घेतला, तो वाईसमध्ये आवळला आणि त्यावर स्कोप त्याच्याच रिंगांसह चढवला. स्कोपची नळी थेट वाईसमध्ये कधीही धरू नये. समोर बरोबर २५ मीटरवर पुठ्ठ्यावर पाच-पाच मिलिमीटरच्या ठळक रेषा काढलेला उभा कागद लावला. कागदाची उभी रेषा ओळंबा सोडून काढली, डोळ्याच्या अंदाजाने नव्हे.

येथे अंतराबद्दल थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण "क्लिक चुकीचे आहेत" या तक्रारींपैकी बऱ्याच येथेच निकाली निघतात. पाव एमओएचा एक क्लिक २५ मीटरवर १.८२ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ४० क्लिकला ७२.७ मिलिमीटर. परंतु अंतर जर २५ यार्ड, म्हणजे ७५ फूट असेल, तर तेच ४० क्लिक ६६.५ मिलिमीटर देतात. आपल्याकडे शेतात अंतर फुटांच्या टेपने किंवा चक्क पावलांनी मोजले जाते आणि हिशेब मीटरचा केला जातो, त्यामुळे नऊ टक्क्यांची चूक घरबसल्या तयार होते. दुसरा घोटाळा टरेटवरील खुणेचा. काही टरेट खऱ्या एमओएचे नसून "शंभर यार्डांना एक इंच" या हिशेबाचे असतात. खरा एमओए शंभर यार्डांवर १.०४७ इंच भरतो, म्हणून अशा टरेटचे १०० क्लिक २५ मीटरवर १८१.८ ऐवजी १७३.६ मिलिमीटरच देतील. हा दोष नव्हे, वेगळे माप आहे. ते ओळखून वापरले की झाले. मिलचा (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) स्कोप असेल तर हिशेब सोपा असतो, कारण ०.१ मिलचा क्लिक २५ मीटरवर अडीच मिलिमीटर सरकतो.

डोळ्याची जागा स्थिर ठेवण्यासाठी मी प्लॅस्टिकच्या झाकणाला मधोमध दोन मिलिमीटरचे छिद्र पाडून ते आयपीसवर बसवले. हे झाकण क्षुल्लक वाटले तरी त्यावाचून सारी मोजणी व्यर्थ जाते. पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलल्यावर निशाण सरकल्यासारखे दिसणे, ज्यात फक्त शंभर यार्डांसाठी काढून टाकलेले असते असा ४० मिलिमीटरच्या भिंगाचा स्कोप २५ मीटरवर वापरला, तर डोळा मध्यापासून कडेला गेल्यावर निशाण जास्तीत जास्त १४ ते १५ मिलिमीटर सरकलेले दिसू शकते, म्हणजे आठ क्लिकचा फरक केवळ गाल नीट न टेकवल्यामुळे. माझ्याकडे आलेल्या पाचपैकी दोन स्कोपचा रोग एवढाच निघाला. त्यांच्या मालकांना पुढचे भिंग फिरवून अंतर जुळवता येणारा स्कोप घेण्याचा, आणि तोवर बटवर फोम चिकटवून गालाची उंची नेमकी करण्याचा सल्ला दिला.

वाईस हलली की स्कोप, हे कळावे म्हणून त्याच पट्टीला एक साधा लेसर पॉइंटर बांधला होता. त्याच्या ठिपक्याची जागा कागदाशेजारी उभा असलेला पुतण्या पेन्सिलने टिपत असे. मी स्कोपमधून पाहताना लेसर बंद ठेवण्याची शिस्त मात्र आम्ही मोडली नाही.

आता प्रत्यक्ष दोष. स्कोप ज्या स्थितीत रायफलीवर झिरो होता, त्याच स्थितीत वाईसवर आणून मी क्रॉसहेअर एका रेषेवर धरले आणि टरेट "अप"कडे फिरवला. दहा क्लिक झाले, आवाज स्वच्छ येत होता, बोटाला प्रत्येक खाच जाणवत होती, आणि क्रॉसहेअर जागच्या जागी होते. पेन्सिलच्या मागच्या टोकाने टरेटवर हलकीशी टिचकी मारली. क्रॉसहेअर डोळ्यादेखत तीन रेषा सरकले. चार महिन्यांचे कोडे त्या टिचकीत सुटले, असे म्हणायला हरकत नाही.

हे का घडते ते समजण्यासाठी स्कोपचा अंतर्भाग डोळ्यासमोर आणावा. बाहेरच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते, तिच्यात प्रतिमा सुलटी करणारी भिंगे असतात आणि ती एका टोकाला टेकलेली असते. टरेटचे स्क्रू तिला वरून आणि बाजूने दाबतात, आणि समोरच्या बाजूने एक स्प्रिंग तिला या स्क्रूंवर रेटून धरते. स्क्रू आत शिरतो तेव्हा तो नळीला ढकलतोच, तेथे शंकेला जागा नाही. पण स्क्रू बाहेर येतो तेव्हा नळीने त्याच्यामागे जाणे सर्वस्वी स्प्रिंगवर अवलंबून असते. बहुतेक टरेटांत "अप" आणि "राइट" या स्क्रू बाहेर येण्याच्या दिशा आहेत. स्प्रिंग दुबळी असेल, ग्रीस घट्ट झाले असेल किंवा स्क्रूच्या टोकाने नळीवर खाच पाडली असेल, तर क्लिक वाजतो पण नळी जागीच अडून राहते, आणि पुढच्या दोन-तीन छऱ्यांच्या धक्क्याने केव्हातरी सुटते. वर सांगितलेले "दोन छरे काहीच नाही आणि मग एकदम वर" हे लक्षण यातूनच येते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हा दोष कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. तार सुराच्या वर गेली तर जाणकार ती आधी मुद्दाम खाली उतरवतो आणि मग खालून चढवत सुरावर आणतो. शिवाय चढवल्यावर तार बोटाने एकदा ओढून सोडतो, म्हणजे तारगहनात अडकलेला ताण मोकळा होतो. स्कोपलाही हेच दोन उपाय लागू पडतात. दहा क्लिक वर जायचे असेल तर पंधरा-सोळा जावे आणि पाच-सहा मागे यावे, म्हणजे शेवटची हालचाल स्क्रू आत शिरण्याची राहते. आणि त्यानंतर टरेटच्या बाजूला पेन्सिलने दोन टिचक्या द्याव्यात. एवढ्याने माझे काम निम्मे झाले. पूर्ण झाले नाही, कारण स्प्रिंग इतकी दुबळी का पडली हा प्रश्न शिल्लक होता.

उत्तर टरेट मोजल्यावर मिळाले. एलेव्हेशन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला असता एकूण २४० क्लिक भरले, आणि माझे झिरो वरच्या टोकापासून अवघ्या १४ क्लिकवर होते. ब्रेक-बॅरल रायफलीत बॅरल पुढे किंचित झुकलेली असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे; ती भरून काढण्यासाठी मी टरेट वर-वर नेत राहिलो, स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर आला आणि स्प्रिंग पूर्ण ताणमुक्त होऊन तिचा जोर संपला. एवढेच नव्हे, आतली नळी गोल पोकळीत वरच्या कडेला टेकल्यावर तिला बाजूला सरकायलाही जागा उरत नाही, म्हणून अशा स्कोपचा विंडेजही (डावी-उजवीकडचा टरेट) क्लिक वाजवत नुसता फिरत राहतो. विंडेज आणि एलेव्हेशन दोन्ही एकाच वेळी "बिघडले" असतील, तर आधी हे मोजावे.

उपाय म्हणून मी प्रथम जे केले ते करू नये. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या पट्ट्या मागच्या रिंगखाली घातल्या. रिंगांतील अंतर १०० मिलिमीटर असेल तर अशी एक पट्टी २५ मीटरवर २५ मिलिमीटर उचल देते, हिशेब सुटसुटीत आहे. पण टरेट मध्यावर आणण्यासाठी मला सुमारे १०० क्लिक, म्हणजे १८२ मिलिमीटर उचल हवी होती, आणि त्यासाठी पाऊण मिलिमीटरचे पॅकिंग लागले. एवढ्या पॅकिंगवर दोन्ही रिंगा एका रेषेत राहत नाहीत आणि वरचे स्क्रू आवळले की स्कोपची नळीच वाकते. वाकलेल्या नळीत आतली नळी आणखी अडते. म्हणजे मी एका दोषावर दुसरा चढवला होता. एक-दोन पट्ट्यांपर्यंत पॅकिंग ठीक आहे. त्यापुढे उतार देता येणारा किंवा झुकलेल्या बॅरलसाठी तयार केलेला माउंटच घ्यावा. तो बसवल्यावर, टरेट मध्याजवळ असताना, वाईसवरील परीक्षेत ४० क्लिकला ७२ मिलिमीटर सरकले आणि टिचकीने काहीही बदलले नाही.

रिंगा हा स्वतंत्र विषय आहे आणि आपल्याकडे त्यावर सर्वाधिक अत्याचार होतो. रिंगच्या वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क पुरतो. लांब ॲलन कीला पाइप लावून "हलणार नाही असा" आवळणारे हात मी पाहिले आहेत. त्यांच्या स्कोपवर काढल्यानंतर रिंगच्या कडेची चकचकीत खाच दिसते. लेथवाल्याकडून २५.४ मिलिमीटरचे दोन टोकदार दांडे करून घ्यावेत, प्रत्येक रिंगेत एक धरावा आणि दोन्ही टोके एकमेकांसमोर भिडतात का ते पाहावे. टोके चुकली तर रिंगा एका रेषेत नाहीत. आपली नळी ३० मिलिमीटरची असेल तर दांडेही तेवढेच हवेत.

स्प्रिंग-पिस्टनचा धक्का दोन्ही दिशांना बसतो, हेही ध्यानात असावे. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन थांबताना ती पुढे झटका खाते. परवान्याच्या, म्हणजे दारूगोळ्याच्या, रायफलींवरचा धक्का एकाच दिशेचा, म्हणून त्यासाठी बनवलेला चांगला महागडा स्कोपही येथे आतून सैल होऊ शकतो. खरेदी करताना "स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो" असे उत्पादकाने लिहिले आहे का, एवढे तरी पाहावे. पुणे-मुंबईच्या ज्या दुकानातून मी पहिला स्कोप घेतला तेथे हा प्रश्न विचारल्यावर विक्रेत्याने डबाच उलटसुलट करून पाहिला होता; त्यावरून मी शहाणे व्हायला हवे होते. या झटक्याने माउंट पट्टीवरून मागे सरकतो, म्हणून मागच्या बाजूस थांब-पिन असलीच पाहिजे. सरकले की नाही हे ओळखण्यासाठी रिंग आणि नळी, तसेच माउंट आणि पट्टी यांवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटली की दोष सापडला; स्कोप उघडायची गरज नाही.

स्कोप उघडू नयेच. आतला नायट्रोजन निघून जातो, आणि मग आपल्या पावसाळ्यात भिंगाच्या आतल्या बाजूने बाष्प धरते. बाहेरचे बाष्प पुसले जाते, आतले जात नाही, एवढी खूण पुरेशी आहे.

क्रॉसहेअर तिरके बसले असेल तर दोष वेगळ्याच रूपात दिसतो. झिरोवर सगळे ठीक असते, पण वर क्लिक देत गेल्यास छरे एका बाजूला पळतात. पाच अंशांच्या तिरकेपणाने १८२ मिलिमीटरच्या उचलीवर सुमारे १६ मिलिमीटर बाजूला जाते. वाईसवरच क्रॉसहेअर ओळंब्याच्या दोरीशी जुळवून पाहावे आणि रायफलीवर चढवताना पुन्हा जुळवावे.

हे सगळे झाल्यावरच छरे वापरावेत. एका डब्यातलेच, आधी दहा छरे बॅरल बसण्यासाठी, मग दहा-दहाचे दोन ग्रुप आणि त्यांच्या मध्यावरून एकदाच दुरुस्ती. मी मातीच्या बांधासमोर, सकाळी वारा उठण्यापूर्वी हे करतो. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठाराजवळ राहणाऱ्या स्नेह्याला तेवढी शांत वेळ क्वचितच मिळते, म्हणून तो २५ ऐवजी १५ मीटरवर झिरो तपासतो आणि हिशेब त्या अंतराचा करतो.

माझ्या स्कोपचे ४० क्लिक आजही ७२.७ ऐवजी ७२ मिलिमीटरच भरतात. एक टक्क्याचा हा फरक मी बटच्या आतल्या बाजूस चिकटपट्टीवर लिहून ठेवला आहे. बदललेला पहिला स्कोप मात्र कपाटात पडून होता. गेल्या आठवड्यात तो वाईसवर चढवला, टरेट मध्यावर आणला आणि ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे असा चौकोन फिरवला. क्रॉसहेअर निघाले त्याच रेषेवर परत आले. तो आता चुलतभावाच्या मुलाच्या रायफलीवर आहे.